दीवला मी पाडलेला पाऊस

द्राक्षवाल्याला दुसऱ्याच्या बागेत शिरायला परवानगी लागत नाही. रस्त्याने जाताना मांडव दिसला की गाडी बाजूला लावायची, वाकून आत शिरायचं, एखादं पान उलटं करून बघायचं आणि मालक येईपर्यंत त्याचं काय काय चुकलंय ते मनात तयार ठेवायचं. मालक रागावत नाही. उलट चहा सांगतो, कारण पुढच्या आठवड्यात तो आपल्याकडे असाच शिरणार असतो. आमच्या दिंडोरीकडे याला 'प्लॉट बघणं' म्हणतात. मी गेली वीस वर्षं लोकांचे प्लॉट बघतोय. बायको म्हणते, "दुसऱ्यांचे बघता तेवढा आपला बघितला असता तर..." हे वाक्य तिने आजवर पूर्ण केलेलं नाही. बहुधा दया येत असावी.

याच्या जोडीला मला हवामानाचंही वेड आहे. फोनमध्ये ढगांची चित्रं दाखवणारी तीन-चार ॲप, रोज उठल्यावर दात घासायच्या आधी ती बघायची आणि गावाच्या ग्रुपवर अंदाज टाकायचा. गावात मला 'वेधशाळा' म्हणतात. माझे अंदाज निम्म्याहून जास्त चुकतात, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. पाऊस आला तर मी शहाणा, नाही आला तर देव दयाळू. या धंद्यात बुडायची भीतीच नाही, असं मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलच्या सुरुवातीला, माल विकून बागा रिकाम्या झाल्यावर आम्ही तिघं दीवला गेलो. मी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, आणि खताऔषधांचं दुकान असलेला आमचा मित्र, ज्याला अख्खा तालुका शेठ म्हणतो. घरी सांगितलं, किल्ला बघायला चाललोय. घरच्यांना वाटलं, प्यायला चाललेत. दिंडोरीच्या माणसाने प्यायला दीवपर्यंत जाणं म्हणजे विहीर भरलेली असताना टँकर बोलावणं, पण बायकांना हे कोण समजावणार! सापुताऱ्यावरून उतरलो आणि गुजरात संपता संपेना. दुसऱ्या दिवशी दुपारी एक पूल आला, पुलाखाली बोटी आल्या, आणि शेठ म्हणाला, "आलं वाटतं बेट."

दीव एवढंसं आहे. गाडीने या टोकापासून त्या टोकाला जायला अर्धा तास पुरतो. पोर्तुगीजांच्या वेळची पिवळी, निळी, गुलाबी घरं, अरुंद गल्ल्या, एक पांढरंशुभ्र चर्च. टोकाला समुद्रात घुसलेला किल्ला, आणि त्याच्यासमोर भर पाण्यात दुसरा एक छोटा कोट, जहाज नांगरून ठेवावं तसा. किल्ल्यात आम्ही तोफांवर बसून फोटो काढले. तिथे ताडासारखं एक झाड आहे, होका म्हणतात. साधा ताड सरळ वर जातो. याला मधूनच फांद्या फुटतात, दोनाच्या चार होतात. दादाने ते झाड बराच वेळ निरखलं आणि म्हणाला, "चांगली छाटणी केली हाय." आमचं पर्यटन हे असं.

संध्याकाळी बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे मच्छीमारांची वस्ती आहे, बोटींची गर्दी आहे आणि राहायला स्वस्तात एक लॉज मिळाला होता. लॉजच्या मागे वाळूवर पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबलो.

समोर मांडव होता.

बांबू रोवलेले, आडवे बांबू बांधलेले, एकावर एक दोऱ्या ताणलेल्या, आणि त्या दोऱ्यांना दाटीवाटीने काहीतरी लटकत होतं. ओळीमागून ओळ. माझ्या डोळ्यांना आधी घडच दिसले. मग वास आला आणि कळलं, बोंबील. आम्ही बोंबील बघितला तो चांदवडच्या बाजारात, वाळून काडी झालेला. इथे तो ओला, गुलाबीसर, दोन-दोन मासे तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकलेले.

"चल, प्लॉट बघू," मी म्हणालो.

"ते लोकांचं हाय," दादा म्हणाला.

"म्हणूनच!"

मी वाकून आत शिरलोसुद्धा. एक मासा चिमटीत धरून दाबून बघितला. अर्धवट वाळला होता. बेदाणा करताना दुसऱ्या दिवशी मणी असतो ना, वरून सुकलेला आणि आतून ओलसर, अगदी तसा.

"शुं जोईए, भाई?" मागून आवाज आला. काय पाहिजे?

तिशीची बाई होती. पदर कमरेला खोचलेला, हाताला खवले चिकटलेले. मी माझ्या खास हिंदीत सांगितलं, "कुछ नहीं बेन, हम नाशिकवाले. अंगूरवाले. हमारा भी ऐसाच मांडव रहता." तिला गंमत वाटली. हिंदी तिला चांगली येत होती. मला गुजराती बोलता येत नाही, पण कळतं सगळं. बाजार समितीत निम्मे व्यापारी गुजराती, त्यांचं आपापसातलं बोलणं कळणं ही आमच्याकडे पोटापाण्याची गरज आहे.

दहा मिनिटांत मला तिची सगळी हकीकत कळली. नवरा बोटीवर, माल उतरवून पुन्हा समुद्रात गेलेला. इतकी वर्षं वाळवणाचं सगळं सासू बघायची. किती दिवस ठेवायचं, कधी उलटायचं, कधी उतरवायचं, शब्द सासूचा. या खेपेला पहिल्यांदाच सासूने माल सुनेच्या हाती दिला होता. ते सांगताना तिने हाताला लागलेले खवले उगाच पदराला पुसले. अजून एक दिवसाचं ऊन बाकी होतं, परवा व्यापाऱ्याची गाडी येणार होती. "ये अच्छा निकला तो आगे भी मेरे हाथ में रहेगा," ती म्हणाली. तीन धाकट्या जावा तिच्या हाताखाली काम करत होत्या, आणि त्या आमच्याकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या.

हे सगळं मी नीट ऐकलं होतं. मला काही माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

तेवढ्यात सासू आली. काळी साडी, कानात जड सोनं, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. ती रात्रीपुरती पुलापलीकडे लेकीकडे निघाली होती. जाताना तिने एकदा मान वर केली, समुद्राकडे तोंड करून वारा घेतला.

आभाळात पिंजलेल्या कापसासारखे ढगांचे पुंजके होते. आमच्याकडे एप्रिलमध्ये असे पुंजके दिसले की लोक ताडपत्र्या शोधायला लागतात. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. फोन काढला, ॲप उघडलं. पहाटे चार ते सात, काळा ढग, खाली तीन थेंब, आकडा नव्वदच्या घरात.

"बेन," मी म्हणालो, "पाणी आनेवाला है."

सासूने सुनेला विचारलं, पाहुणा काय म्हणतो. सुनेने सांगितलं. म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "कंई नथी आवतुं." काही येत नाही. एवढं बोलून ती रिक्षात बसून गेली.

आता इथे गप्प बसलो असतो तर मी द्राक्षवाला कसला? म्हातारी गेली आणि मी सुनेला फोन दाखवला. ढगाचं चित्र मोठं करून दाखवलं. ती म्हणाली, "पर पवन तो बराबर है. ऐसे पवन में बारिश नहीं आती." मी हसलो. ते हसू मला आजही आरशात दिसतं. म्हणालो, "बेन, ये सॅटेलाइट है. सॅटेलाइट पवन के भी ऊपर रहता."

मग मी तिला माझ्या गावचा किस्सा सांगितला. शेजाऱ्याने माझं ऐकलं आणि त्याची बाग वाचली, दुसऱ्याने नाही ऐकलं आणि त्याच्या मण्यांना तडे गेले. दुसरा अर्धा भाग खरा होता. तडे गेलेली ती बाग माझी होती.

ती घुटमळली. आभाळाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, मांडवाकडे बघितलं. "बा ने मना किया है," ती म्हणाली. बा म्हणजे सासू.

"बा का जमाना अलग था," मी म्हणालो. "अब माल तुम्हारे हाथ में है ना? तो फैसला भी तुम्हारा."

नेमकं हे म्हणालो. पाऊस राहू द्या बाजूला, हे वाक्य मला जास्त टोचतं. तीन जावांच्या समोर तिला असं म्हणायला नको होतं.

तिने पदर पुन्हा खोचला आणि जावांना हाक मारली. भराभर मासे उतरायला लागले. मीही बाह्या वर केल्या. दादा बाजूला उभा राहून म्हणाला, "घरी कधी एक घड नाय उतरवला लेका, इथं बोंबील उतरवायला आलाय." शेठनेही थोडा हात लावला, मग वासाने लॉजकडे पळाला. अंधार पडेपर्यंत सगळा माल काढून एका उंचवट्यावर ढीग केला, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. एक थेंबही आत जाणार नाही याची मी स्वतः खात्री केली. ती म्हणाली, "थँक्यू भाई." मी हात असा झटकला, की कसलं थँक्यू, आमचं कर्तव्य.

सकाळी सातला बायकोचा फोन आला.

"अहो, उठलात का? इथं काय झोडपतोय पाऊस! खळ्यातला कांदा सगळा भिजला."

मी उठून बसलो. खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. म्हणालो, "मी कालच बघितलं होतं. नव्वद टक्के."

मग ती म्हणाली, "काल बघितलं होतं?"

"हो ना."

"मग मला सांगायचं नाही? दोन ताडपत्र्या घरात पडल्यात! कुणाला सांगितलं मग?"

मी खिडकीकडे बघितलं. बाहेर कोरडं, स्वच्छ, चटका बसेल असं ऊन वर येत होतं. फोन कानावरून काढून ॲप उघडलं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ठिकाणाचं नाव असतं. तिथे माझ्या गावाचं नाव होतं. कधीकाळी मीच ते घरच्या प्लॉटवर पक्कं करून ठेवलेलं. मी जगात कुठेही गेलो तरी ते मला दिंडोरीचाच पाऊस दाखवणार होतं.

हा किस्सा मी गावात पुष्कळदा सांगितलाय. लग्नात, दहाव्याला, पिंपळाच्या पारावर. लोक हसून लोळतात. दिंडोरीचा पाऊस दीवला पाडला, परक्या बाईचे बोंबील झाकले आणि घरचा कांदा भिजवला. बायकोची नक्कल मी चांगली करतो. किस्सा मी इथेच संपवतो, आणि कुणी विचारलं, "मग त्या बोंबलांचं काय झालं?" तर म्हणतो, "काय व्हायचंय, वाळले असतील."

वाळले नाहीत.

मी चपला घालून मागच्या वाळूवर गेलो. ताडपत्री काढलेली होती. रात्रभर उकाड्यात ओला माल ढिगाने दाबून ठेवला की काय होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. अर्धवट सुकलेले मणी रात्री गोणीत भरले तर सकाळी काळे पडून आंबतात, हे आमच्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. काल माझ्या डोक्यात ते आलंच नाही. माझ्या डोक्यात पाऊस होता. बोंबील पिवळे पडले होते, चिकट झाले होते, एकमेकांना धरून बसले होते. वास कालचा नव्हता.

ती आणि तिच्या जावा उकिडव्या बसून निवडत होत्या. चांगले एका बाजूला, गेलेले एका बाजूला. गेलेल्यांची बाजू मोठी होती. मी जवळ गेलो. तिने वर बघितलं आणि ती पुन्हा निवडायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

मी म्हणालो, "बेन, वो मोबाइल में गलत गाव लगा था."

ती म्हणाली, "अच्छा."

मी बसलो आणि एक मासा उचलला. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि दुसऱ्या ढिगात टाकला. मी चुकीच्या ढिगात टाकणार होतो.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि सासू उतरली. तिने लांबूनच रिकाम्या दोऱ्या बघितल्या. चालत आली ती घाई न करता. ढिगाशी उभी राहिली. एक मासा उचलून नाकाशी नेला, खाली टाकला.

"कोणे कीधुं?" तिने विचारलं. कुणी सांगितलं?

जावांचे हात थांबले. तिघींनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. मी तिथे होतो, दोन हातांच्या अंतरावर. माझं तोंड उघडलेलंही होतं बहुतेक.

थोरली सून म्हणाली, "कोईए नहीं, बा. मने एम लाग्युं." कुणी नाही. मलाच वाटलं.

मला सगळं कळलं, शब्द न शब्द. आणि मी चेहरा असा केला, की आपल्याला काय ही भाषा येत नाही. पाहुण्यासारखा उभा राहिलो. म्हातारीने एकदा माझ्याकडे बघितलं. काल फोन घेऊन उभा असलेला माणूस ती विसरली नसणार. एवढ्या सुरकुत्यांमागचे डोळे काय म्हणतात ते वाचता येत नव्हतं. कदाचित ती वाट बघत होती. मी रिकाम्या दोऱ्यांकडे बघायला लागलो.

मग तिने पदर खोचला, सुनेच्या पुढ्यातली टोपली उचलून स्वतःपुढे ठेवली आणि म्हणाली, "हवे हुं जोईश." आता मी बघते. जावांना कामं सांगायला सुरुवात केली. हे धुवायला घ्या, ते तिकडे टाका, दोऱ्या पुसा. तिघी उठल्या आणि आता त्या सासूकडे बघत होत्या. थोरली उठून हात धुवायला गेली.

"बेसो भाई," म्हातारी मला म्हणाली, "चा पीओ."

माझ्यासाठी स्टुल आणलं गेलं. चहा थोरलीनेच आणून दिला, बशीसकट. बशीत दोन बिस्किटं होती. मी चहा प्यायलो. बिस्किटंही खाल्ली, दोन्ही. तिथे बसून, त्या वासात, त्या बायका माझा चुकीचा पाऊस निवडत असताना. कप परत देताना म्हणालो, "अच्छी थी." चहाबद्दल.

लॉजवर आलो तेव्हा दादा आणि शेठ बॅगा भरून तयार होते. नऊच्या सुमारास निघालो. बेटाचा निम्मा रस्ता संपला तरी मी खिशातून फोन काढला नव्हता. शेठला ते सहन होईना. "काय रे वेधशाळा, आज काय अंदाज?"

मी सगळं सांगितलं. सासूचं विचारणं, सुनेचं उत्तर, बिस्किटं. शेठ आधी हसत होता, मग त्याने काच खाली केली आणि बाहेर बघायला लागला. दादा गाडी चालवत होता. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "मग तू का नाय बोललास तिच्या सासूला?"

"दादा, मला गुजराती कुठं येतं बोलायला?"

"अन् काल पोरीला उतरवायला लावलं ते कोणत्या भाषेत?"

पूल आला आणि संपला. पलीकडे मिठागरं लागली, पांढऱ्या पाटांमागे पांढरे पाट. दादाने गाडी हळू केली, कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून माझ्याकडे बघितलं.

"वळवू का? वीस मिनिटांचा रस्ता हाय. तू हिंदीत बोल, ती सून सांगंल सासूला. नायतर मी बोलतो."

मागे पूल दिसत होता. त्यावरून एक टेम्पो येत होता, बर्फ वाहून नेणारा, पाणी गळत होतं त्यातून. मी तो आमच्या शेजारून जाईपर्यंत बघितला.

"चल पुढं," मी म्हणालो. "उशीर होतोय."

कशाला उशीर होतोय, हे त्याने विचारलं नाही. माल विकला गेला होता, बागेच्या खरड छाटणीला अजून आठ-दहा दिवस होते, कांदा तर भिजूनच गेला होता. त्याने पहिला गिअर टाकला, गाडी उना गावाच्या रस्त्याला लागली, आणि शेठने काच वर केली.